पुराचं पाणी घरात येऊन गेलं, आता काम कुणाच्या हातात द्यावं?

विचारणा अशी आहे. नांदेडात नदीकडच्या सखल भागात आई-वडिलांचं घर, खाली तीन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर एक खोली. जायकवाडीचं पाणी आलं, विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले आणि घरात कमरेइतकं पाणी दोन रात्री उभं राहिलं. ओसरून पाच दिवस झालेत. आई-वडील मावशीकडे, मुलगा नोकरीला पुण्यात. ‘डीप क्लीनिंग’ करणाऱ्या एका गुत्तेदाराने सगळं घर धुऊन, वाळवून, रंगवून चार दिवसांत ताब्यात देतो, उक्ते ९० हजार, निम्मे आधी, असं सांगितलंय. काम द्यावं का? त्याला नाही तर कुणाला? आणि आई-वडिलांना परत कधी न्यावं?

या अटींवर देऊ नका. माणूस लबाड आहे म्हणून नव्हे, त्याला मी ओळखतही नाही. चार दिवसांत घर धुऊन होतं, वाळून होत नाही, एवढंच कारण आहे. नऊ इंची विटेची भिंत दोन रात्री कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली की विटेत, गिलाव्यात आणि जोत्यातल्या भरावात पाणी मुरतं. ते नुसत्या हवेवर निघायला दोन-तीन महिनेही लागू शकतात. यंत्रं लावली तर काम काही आठवड्यांवर येतं, चार दिवसांवर कधीच येत नाही. त्याआधी पुट्टी आणि रंग लावला तर आतलं पाणी आतच कोंडतं. दिवाळीला घर छान दिसतं आणि संक्रांतीच्या आसपास खालच्या तीन-चार फुटांत रंगाचे पोपडे सुटायला लागतात, कपाटामागे काळी बुरशी धरते, वडिलांचा खोकला जात नाही. मी सिव्हिलचा माणूस. ओल काढायची आणि दुरुस्तीची कामं मराठवाड्यातच करत आलोय, आणि पुरानंतर लोकांचे सर्वात जास्त पैसे बुडालेले मी याच एका ठिकाणी पाहिलेत: ओल्या भिंतीवरच्या रंगात.

२०२५ च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, तेरणा, सिंदफणा, गोदावरी अशा सगळ्याच नद्या एकामागून एक फुगल्या. भूम-परंड्यापासून नांदेडपर्यंत घरांमध्ये चिखल भरला. तेव्हापासून पुरानंतरच्या सफाईची कामं घेणारे आपल्याकडेही बरेच झालेत. त्यातले पुष्कळ जण मेहनती आहेत, त्यांच्याकडे प्रेशर वॉशर असतो, ओला-सुका व्हॅक्यूम असतो, पोरं मन लावून काम करतात. पण धुणं हा एक धंदा आणि वाळवणं हा दुसरा. वायरिंग तिसऱ्याचं काम, भिंतीच्या भेगा चौथ्याच्या. पुण्या-मुंबईकडे ही सगळी कामं एका छताखाली करणाऱ्या कंपन्या मिळतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी माणसं वेगवेगळी गोळा करावी लागतात आणि त्यांचा क्रम आपणच सांभाळावा लागतो. हा क्रम तुम्ही पुण्यात बसून फोनवरूनही सांभाळू शकता, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी वायरमन. पण गल्लीतला ओळखीचा नको, परवाना असलेला विद्युत ठेकेदार बघा. तो घरात पाय ठेवेपर्यंत कुणीही आत काम करायचं नाही. मेन स्विच पाडला की झालं, असं लोक धरून चालतात. पण इन्व्हर्टर असेल तर मेन बंद केल्यावरही घरात वीज खेळती राहते. छतावर सोलर असेल तर उजेड आहे तोवर पॅनेलकडून येणाऱ्या वायरीत करंट असतोच. हे दोन्ही आधी तोडून घ्यावे लागतात. मीटर किंवा सर्व्हिस वायर भिजली असेल तर ते महावितरणचं काम आहे, १९१२ वर तक्रार नोंदवायची.

मग येतं भिंतीतलं वायरिंग. तुमचे स्विचबोर्ड चार फुटांवर असतील, म्हणजे पाण्याच्या वर, म्हणून वाचले असं वाटेल. पण टीव्हीचा, फ्रीजचा, मोबाइल चार्जिंगचा प्लग फुटा-दीड फुटावर असतो आणि तिथपर्यंत भिंतीच्या आतून पाइप गेलेला असतो. त्या पाइपच्या खालच्या वळणात गाळ आणि पाणी साचून राहतं. बोर्ड उघडून नुसता पुसला तर ते पाणी तिथेच राहतं. वायरी ओढून बाहेर काढायच्या, पाइपमधून हवा मारायची, वायर जुनी असेल तर नवीनच टाकायची. शेवटी मेगरने (वायरीचं आवरण करंट गळू देतं का हे मोजणाऱ्या यंत्राने) इन्सुलेशन तपासून प्रत्येक सर्किटचं रीडिंग कागदावर लिहून सहीने द्यायला सांगा. ‘बघितलं, ओके आहे’ एवढ्यावर पैसे देऊ नका. पाण्यात बुडालेले एमसीबी आणि आरसीसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारे स्विच) वाळवून परत वापरायचे नाहीत, बदलायचे. फ्रीज, वॉशिंग मशिन, पाण्याची मोटर यांपैकी काहीही मेकॅनिकने उघडून बघितल्याशिवाय चालू करून पाहू नका. गॅसचा वास आला तर १९०६ हा आपत्कालीन क्रमांक आहे. वास आला नाही तरी पाण्यात गेलेला रेग्युलेटर आणि नळी बदलून घ्या.

तुमचं घर विटेचं आणि स्लॅबचं दिसतंय, म्हणून धोका कमी. पण हे वाचणाऱ्यांत माळवदाची घरं असलेले बरेच असतील, त्यांच्यासाठी थांबून सांगतो. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर लाकूड-पांढरी मातीचं जड माळवद, ही घरं पूर ओसरल्यावरही पडतात. भिंतीच्या पोटातली माती पाण्याने वाहून गेलेली असते, बाहेरून दगड जागच्या जागी दिसतात, आणि ऊन पडून माती आकसली की एखाद्या रात्री भिंत बसते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात माणसं गेली ती याच प्रकारच्या भिंती आणि जड छतांखाली. अशा घराची सफाई कुणाला द्यायची हा प्रश्नच आधी येत नाही. आधी इंजिनिअरने भिंत बघायची, तोवर आत झोपायचं नाही, पोरांना आत खेळू द्यायचं नाही. भिंतीचं पोट फुगलेलं दिसलं, दार एकाएकी घट्ट बसायला लागलं किंवा तुळईच्या टोकाशी ताजी माती पडलेली दिसली तर आत जाऊच नका, मग सामान काहीही अडकलेलं असो.

गाळ काढायला खरं तर कुठलीही कंपनी लागत नाही. चार मजूर, फावडी, घमेली, वायपर आणि पाणी एवढं पुरतं. गावाकडे इर्जिकीसारखी सगळी गल्ली मिळून एकेक घर मोकळं करते, त्याहून चांगली सोय नाही. घाई मात्र इथे हवी. आपल्याकडचा गाळ काळ्या मातीचा, ओला आहे तोवर फावड्याने ओढला जातो. एकदा वाळला की तडे जाऊन फरशीला असा चिकटतो की टिकाव लावावा लागतो, आणि टिकावाबरोबर फरशीचे टवके उडतात. पाच दिवस झालेत, तर आजच माणसं लावा. त्यांना गमबूट आणि रबरी हातमोजे तुम्ही विकत आणून द्या, मजुरीत धरू नका. पुराच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, पायाला जखम असलेल्याला तर फार लवकर. काम सुरू करण्याआधी प्रतिबंधक गोळीबद्दल जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारा. कोपऱ्यात, कपाटाखाली, रचलेल्या विटांमध्ये साप असतो हे गावाकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, शहरातल्या पोरांना सांगावं लागतं.

दोन गोष्टी मात्र मजुरांना अजिबात करू देऊ नका. सेप्टिक टँकमध्ये किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये माणूस उतरवायचा नाही. आत विषारी वायू असतो, क्षणात माणूस जातो, आणि २०१३ च्या कायद्याने असं धोकादायक सफाईचं काम माणसाकडून करवून घेणं गुन्हा आहे. जो सफाईवाला ‘आमचा पोरगा उतरतो की’ म्हणतो त्याला तिथूनच परत पाठवा. दुसरं, सेप्टिक टँक लगेच पूर्ण उपसून रिकामा करायचा नाही. आजूबाजूची जमीन पाण्याने तट्ट भरलेली असताना रिकाम्या टाकीला जमिनीतलं पाणी खालून वर उचलू शकतं, जोडलेले पाइप तुटतात. जमिनीतलं पाणी खाली जाऊ द्या, मग महापालिकेची गाडी बोलवा.

ज्यांच्या घराला किंवा दुकानाला तळघर आहे त्यांनी उपसाही सावकाश करायचा. बाहेरची माती भिजून भिंतीला रेटत असते आणि आतलं पाणी तो रेटा तोलून धरत असतं. एका दिवसात सगळं पाणी ओढलं तर भिंत आत येऊ शकते. दिवसाला एक तृतीयांश उपसा, रात्रीत पाणी परत किती चढतं ते बघा, मग पुढचा उपसा. शेतातलं डिझेल इंजिन तळघरात उतरवून चालवू नका. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कोंडून माणसं बेशुद्ध पडतात.

आता सफाईवाल्याकडे येऊ. त्याला पहिला प्रश्न हा विचारा: आमच्या घरात आलेलं पाणी कोणत्या प्रकारचं होतं? ज्याला काम येतं तो लगेच समजेल. या धंद्यात पाण्याचे तीन दर्जे धरतात. नळाचं स्वच्छ पाणी पाइप फुटून आलेलं, वॉशिंग मशिन-बाथरूमचं वापरलेलं, आणि तिसरं गटाराचं किंवा नदीच्या पुराचं. तुमचं तिसरं. त्यात सगळ्या शहराची घाण, शेतातली औषधं, मेलेली जनावरं सगळं आलं. त्यामुळे काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे त्यावरून ठरतं. जो म्हणेल की ‘गाद्या शाम्पू करून देतो’, त्याला हे माहीत नाही किंवा तो सांगत नाही.

कापसाच्या गाद्या टाका. पिंजाऱ्याकडे देऊन परत भरून घ्यायचा मोह आईला होईल, कारण कापूस चांगला असतो आणि गादी लग्नातली असते. पण गटाराचं पाणी प्यायलेला कापूस पिंजून शुद्ध होत नाही. गोधड्या, सुती चादरी, साड्या गरम पाण्यात साबणाने दोनदा धुऊन उन्हात वाळवता येतात. फोमचे सोफे, पार्टिकल बोर्डचं फर्निचर, एमडीएफची कपाटं गेली. सागवानी पलंग, लाकडी देव्हारा वाचतो, पण सावलीत आणि हळूहळू वाळवावा लागतो, उन्हात ठेवला तर तडकतो. भिजलेलं धान्य, बळदातलं असो की कोठीतलं, माणसांना नको आणि जनावरांनाही नको. वाळवून घेतलं तरी त्यात बुरशीचं विष राहतं. सातबारा, खरेदीखत, मार्कशिटा, फोटो: एकेक पान सुटं करून पंख्याखाली वाळवा, आणि पानं चिकटलेली असतील तर ओढू नका. वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुणाच्या तरी डीप फ्रीजरमध्ये ठेवा, बुरशी तिथेच थांबते आणि नंतर निवांत काम करता येतं.

निर्जंतुकीकरणाचं काम सफाईवाले ‘फॉगिंग’ करून दाखवतात. धूर दिसतो, वास येतो, ग्राहकाला समाधान वाटतं. पण गाळाचा थर तसाच असेल तर कुठलंही औषध चालत नाही. आधी साबणाच्या पाण्याने घासून धुणं, मग क्लोरीन. ताजी ब्लीचिंग पावडर १० लिटर पाण्यात १५० ग्रॅम टाकली की साधारण अर्धा टक्का क्लोरीनचं पाणी होतं. ते निवळू द्यायचं, वरचं पाणी फरशीला, टाईल्सला, खालच्या भिंतीला लावायचं आणि अर्धा तास ओलं ठेवून धुऊन टाकायचं. खिडक्या उघड्या ठेवूनच. त्यात संडास धुण्याचं अॅसिड कधीही मिसळायचं नाही, क्लोरीनचा वायू सुटतो आणि फुप्फुसं जाळतो. हे मी दर वेळी बजावून सांगतो, कारण ‘दोन्ही घातलं की जास्त स्वच्छ’ असं समजणारी माणसं अजून भेटतात. जमिनीतली पाण्याची टाकी आणि बोअरही क्लोरीनने शुद्ध करून घ्या, पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका.

एवढं धुणं-पुसणं तुमचा तो डीप क्लीनिंगवाला नीट करील असं वाटलं तर तेवढंच काम त्याला द्या. रंगाशिवाय, वाळवण्याशिवाय, मोजमाप लावून.

वाळवणं हे खरं काम, आणि पैसा इथे घालायचा. वाळवणाऱ्याकडे तीन गोष्टी हव्यात: जमिनीलगत हवा मारणारे जोरदार ब्लोअर, डिह्युमिडिफायर, आणि मॉइश्चर मीटर. ब्लोअर भिंतीतली ओल हवेत आणतो, डिह्युमिडिफायर ती हवेतून काढून टाकतो, मीटर सांगतो की काम कुठवर आलं. नुसते ब्लोअर लावून खोली बंद ठेवली तर तेच पाणी वरच्या भिंतीवर आणि स्लॅबला जाऊन बसतं. परतीचा पाऊस चालू आहे तोवर डिह्युमिडिफायर चालू असलेल्या खोलीच्या खिडक्या बंद ठेवायच्या, नाही तर तो गोदावरीकाठची सगळी दमट हवा वाळवत बसतो. पाऊस थांबून ऑक्टोबरचं ऊन पडलं की उलट करायचं: यंत्र बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या. आपल्या भागातली कोरडी ऑक्टोबर हीट फुकटात निम्मं काम करते. यंत्र भाड्याने घेतलं असेल तर त्याच्या टाकीत रोज किती पाणी जमतं ते वडिलांना किंवा मावशीच्या मुलाला वहीत लिहायला सांगा. पहिल्या दिवसांत टाकी वारंवार भरेल, पुढे पाणी घटत जाईल. ते घटत नसेल तर कुठून तरी नवीन पाणी येतंय, एखादा पाइप फुटलेला आहे किंवा जोत्यातून ओल चढतेय.

वाळवण्याआधी भिंत उघडी करावी लागते, हे चांगला माणूस स्वतःहून सांगतो. पाण्याची खूण भिंतीवर तीन फुटांवर दिसते, पण विटेने पाणी त्याच्याही वर ओढलेलं असतं, चार-साडेचार फुटांपर्यंत. तिथपर्यंतचा रंग आणि पुट्टी खरवडून काढायची. जिप्सम किंवा पीओपी असेल तर ते तिथपर्यंत पूर्ण तोडायचं, ते भिजल्यावर कामाचं राहत नाही. सिमेंटचा गिलावा वाजवून बघायचा, पोकळ वाजला तिथे काढायचा. स्कर्टिंगच्या पट्ट्या काढायच्या. आणि मॉड्युलर किचनची खालची कपाटं भिंतीपासून सुटी करायचीच. एका घरी बाहेरून सगळं लखलखीत होतं, फक्त ओट्याखाली वास येत होता. कपाट सुटं केलं तर मागच्या बोर्डावर हाताच्या पंजाएवढे काळे-हिरवे डाग एकमेकांत मिसळलेले, आणि भिंतीवर बोट फिरवलं तर बोट ओलं. धुऊन देणाऱ्याने कपाट हलवलंच नव्हतं, कारण करारात ‘किचन क्लीनिंग’ एवढंच लिहिलं होतं.

मीटरबद्दल थोडं बारकाईने. त्याच्या दोन टोकदार पिना भिंतीला टेकवायच्या, आकडा येतो. हे मीटर बहुतेक लाकडासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे विटेवरचा आकडा म्हणजे ओलीची नेमकी टक्केवारी नव्हे. तो तुलनेसाठी वापरायचा. आधी वरच्या मजल्यावरच्या, पाणी न लागलेल्या भिंतीचा आकडा घ्या, ती तुमच्या घराची कोरडी भिंत. मग खाली प्रत्येक भिंतीवर एक फूट, दोन फूट आणि चार फुटांवर खडूने फुली मारा, शेजारी तारीख आणि आकडा लिहा. दर तीन दिवसांनी त्याच फुलीवर परत मोजा आणि फोटो पुण्याला पाठवायला सांगा. तुम्हाला आकडे उतरताना दिसतील. एक पेच आहे: पुराच्या पाण्यातले क्षार भिंतीत राहतात आणि त्यामुळे भिंत बऱ्यापैकी सुकली तरी मीटर जास्त दाखवतं. म्हणून जोडीला दुसरी तपासणी: दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर भिंत अजून पाणी सोडतेय. हे करायला कुणाला पैसे द्यायला नकोत.

आणि ज्याला रंग विकायचाय किंवा वॉटरप्रूफिंग करायचंय, त्याला भिंत सुकली का हे विचारू नका. हा माझा सगळ्यात आग्रहाचा मुद्दा आहे. वाळवणारा वेगळा, रंगारी वेगळा, आणि ‘आता रंग लावा’ हे सांगणारा या दोघांपैकी कुणी नसावा. तो तुमचा मावसभाऊ असला तरी चालेल, खडूच्या फुल्या आणि प्लास्टिकचा तुकडा बघता आला म्हणजे झालं. पुरानंतर घाईघाईने आतून ‘वॉटरप्रूफ कोटिंग’ मारून देणारेही खूप भेटतील. ओल्या भिंतीला आतून असं कोटिंग मारू नका, ते भिंतीचा श्वास बंद करतं. भिंत सुकल्यावरही पहिलं वर्ष साधा चुना किंवा हवा खेळती राहील असा रंग लावा, पुट्टी पुढच्या वर्षी.

कोटेशनबद्दल. उक्तं घेऊ नका. खोलीवार, चौरस फुटावर, कामाचं नाव स्पष्ट लिहिलेलं घ्या: गाळ काढणे, घासून धुणे, निर्जंतुक करणे, कपाटं सुटी करून मागून साफ करणे, वाळवण्याच्या यंत्रांचं दिवसाचं भाडं किती आणि किती यंत्रं. काढलेला कचरा कोण नेणार तेही लिहून घ्या, नाही तर भिजलेल्या गाद्यांचा ढीग दारात सोडून माणसं निघून जातात. आगाऊ रक्कम साधारण पाव हिस्सा, तीही सामान आणि माणसं दारात आल्यावर. पुढचे पैसे टप्प्याने, फोटो बघून. वाळवण्याचा शेवटचा हप्ता मीटरच्या आकड्यांना बांधा, दिवसांना नको: खालची भिंत वरच्या कोरड्या भिंतीच्या जवळपास आली की पैसे. जो ही अट मान्य करतो त्याला काम येतं असं समजायला हरकत नाही. जो टाळतो त्याच्याशी वाद घालू नका, दुसरा बघा. बिल पक्कं घ्या. विम्यासाठी लागतं, आणि काम फसलं तर ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करताना हाती कागद लागतो. याआधी पुरानंतरच केलेल्या एखाद्या घराचा पत्ता मागा आणि नांदेडातल्या कुणाला तरी तिथे पाठवा. काम होऊन सहा महिने झालेलं घर बघायला हवं, मागच्या आठवड्यातलं नव्हे.

हे सगळं सुरू करण्याआधी, म्हणजे आजच, दोन कागद हलवा. तलाठ्याकडून पंचनामा झाला का बघा, नसेल तर अर्ज द्या. सरकारी मदत फार नसते: २०२२ ते २०२६ साठीच्या केंद्राच्या निकषांत पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड असेल तर ६,५०० रुपये होते. पण पंचनाम्याची प्रत पुढे विम्याला आणि बँकेलाही चालते. दुसरं म्हणजे विमा. ‘आमचा विमा नाही’ असं वडील म्हणतील. घरावर कर्ज असेल किंवा होतं तर बँकेत विचारून घ्या, कर्जाबरोबर बऱ्याचदा घराचा विमा उतरवलेला असतो आणि घरमालकाला पत्ता नसतो. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात पूर धरलेला आहे, आणि घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला संरक्षण आपोआप मिळतं. मलबा हटवण्याचा खर्चही दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो. कंपनीला लगेच कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत टाकायच्या वस्तूंचे फोटो काढा, फ्रीज-मशिनवरचा सीरियल नंबर दिसेल असे. गाद्या आणि धान्य आरोग्यासाठी आजच टाकावं लागतंय असं ईमेलने कळवून टाका, पण यंत्रं आणि फर्निचर त्याने बघेपर्यंत अंगणात ताडपत्रीखाली राहू द्या. भिंतीवरची पाण्याची खूण धुण्याआधी टेप लावून फोटो काढायला विसरू नका.

राहिल्या भेगा. आपली काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, आणि घर त्या मातीवर उभं आहे. पूर आल्यावर नव्हे, तर डिसेंबर-जानेवारीत, जमीन सुकायला लागली की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, एखाद्या खोलीची फरशी बसते. म्हणून फरशी बदलायची घाई नको. रुपयाचं नाणं घेऊन एकेक टाईल वाजवा, पोकळ वाजणाऱ्यांवर खूण करा, उन्हाळ्यापर्यंत थांबा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ आणि तारीख. भेग रेघेच्या पुढे गेली, किंवा तिच्यात नाण्याची कड सहज जायला लागली, तर गवंड्याला बोलवून सिमेंट भरून घेऊ नका, स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. नांदेडात विष्णुपुरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिल विभाग आहे, तिथे चौकशी केली तर योग्य माणसाचं नाव मिळतं.

आई-वडिलांचं. वायरिंगचा सहीचा कागद हातात आला, पाणी तपासून झालं, संडास-ड्रेनेज चालू झालं, आणि दारं-खिडक्या रात्रभर बंद ठेवून सकाळी उघडल्यावर कुबट वास आला नाही, की त्यांना आणता येईल. पण झोपायला वरच्या खोलीत. खालचा मजला दिवसा वावरायला, स्वयंपाकाला चालेल. वडिलांना दमा असेल किंवा आईला जिना चढवत नसेल तर मावशीकडेच राहू द्या, खालच्या भिंतींवरचे आकडे खाली येईपर्यंत. घराला रंग नाही म्हणून लोक काय म्हणतील, ही चिंता आई करील. तिला सांगा, या वर्षी दिवाळीला दारात रांगोळी आणि आकाशकंदील पुरे, रंग उन्हाळ्यात.